न पाहिलेला जावई

मैद्याच्या पिशव्या लावलेल्या रांगेत एका तरुणाची आणि अर्लीन पेश्लाकायची जवळजवळ टक्करच झाली, आणि तिला पाहताच त्याने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. आधी तिला वाटलं, हा आपला विद्यार्थी असणार, निबंध द्यायचा राहिलेला. आल्बुकर्कीच्या विद्यापीठात संविधान शिकवताना तिने अशा पाठी पुष्कळ पाहिल्या होत्या. मुलं तिला भीत, आणि ते तिला मनातून आवडायचं. म्हणून थोडी गंमत करायला ती पुढे झाली. "काय रे, ओळखलं नाहीस वाटतं?" तो अंग चोरून फळीला चिकटला. ती वळसा घालून पलीकडून आली. तेव्हा त्याने हाताला लागलं ते, टॉर्टियांचं एक पाकीट, उचलून तोंडासमोर धरलं आणि पाकिटाआडून घाईघाईने, पण अदबीने, त्यांच्या डिने जमातीच्या भाषेत म्हणाला, "नको, नको, बघू नका!" मग ट्रॉली तिथेच टाकून, भिंतीकडे तोंड करून, तिरका तिरका चालत तो दुकानाबाहेर गेला. काळी टोपी, रुंद खांदे, मानेवर उन्हाने रापलेला पट्टा. एवढंच तिला दिसलं.

ट्रॉलीत बटाटे होते, कॉफी होती, मटणाचे मोठे तुकडे होते आणि त्यांच्यावर लहान मुलाच्या लंगोटांचा गठ्ठा. अर्लीन त्या गठ्ठ्याकडे बघत उभी राहिली. शनिवारची गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, कोणीतरी "जरा बाजूला होता का" म्हणालं आणि ती बाजूलाही झाली. जगातल्या सगळ्या हक्कांची कलमं जिच्या जिभेवर, तिला एवढीशी गोष्ट कळायला इतका वेळ लागावा! डिने पुरुष एकाच बाईपासून असं तोंड लपवतो. तिने त्याला पाहायचं नाही, त्याने तिला पाहायचं नाही, नाहीतर दोघांची दृष्टी जाते, असं लहानपणापासून ऐकलेलं. तिच्या आजीने, आईच्या आईने, आपल्या जावयाला, म्हणजे तिच्या वडिलांना, एकदाही पाहिलं नव्हतं, आणि एका विहिरीवर दोघं चाळीस वर्षं पाणी भरत होती. तो मुलगा तिला भ्यायला नव्हता. त्याने तिला मान दिला होता. आणि ती, दोन पावलं पुढे जाऊन, त्याचं तोंड बघायला निघाली होती.

म्हणजे शँडीनचं लग्न झालं होतं. तिच्या एकुलत्या एक मुलीचं. आणि मूलही झालं होतं.

घरी येऊन तिने सामान ओट्यावर ठेवलं आणि कोट न काढताच थोरल्या बहिणीला फोन लावला. बर्निस अजून गावाकडे, मेंढरांजवळ राहायची. फोन उचलला की आधी कुत्र्यावर ओरडायची, मग बोलायची.

"ताई, शँडीनचं लग्न झालं?"

पलीकडे बर्निसने कुत्र्याला हाकललं. "कोण बोललं तुला?"

"कोणी नाही. दुकानात एक मुलगा माझ्याकडे पाठ करून पळाला."

बर्निसला हसू आवरेना. "अगं बाई! मग चांगल्या वळणाचा आहे म्हणायचा. नाहीतर हल्लीची पोरं सासूच्या मांडीला मांडी लावून मॅच बघतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून तू काय करणार होतीस? आली असतीस? आधी पाहुणे कोणकोण ते विचारलं असतंस. यातल्या कोणाची केस माझ्यासमोर आहे का, म्हणून."

हे इतकं खरं होतं की अर्लीनला रागही आला नाही. "मुलगा आहे की मुलगी?"

"मुलगी. चार महिन्यांची होईल. नाक तुझ्यावर गेलंय बिचारीचं."

"तो कोणाचा आहे, ताई?"

"ते नको विचारूस."

"ताई."

"हे बघ, विचारलंस तर मला सांगावं लागेल. खोटं बोलायची सवय नाही मला. सोमवार जाऊ दे. मग विचार, मग सगळं सांगते, फोटो दाखवते, तुझ्यासाठी मटण टाकते. पण सोमवार जाऊ दे."

सोमवार म्हटल्यावर विचारायचं काही उरलंच नाही. सोमवारी डिने राष्ट्राच्या वरच्या कोर्टात, जिथे ती तिघांपैकी एक न्यायाधीश होती, एकच अपील होतं, केनेथ एत्सिटी नावाच्या म्हाताऱ्याचं, आणि कागदांवरून त्याच्या घरात तरुण पुरुष एकच होता. "एत्सिटीच्या बहिणीचा मुलगा," अर्लीन म्हणाली.

"मी काही बोलले नाही हं!" बर्निस म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून भडाभडा बोलत सुटली. "त्या म्हाताऱ्यानेच सांगितलं सगळ्यांना. म्हणाला, हिच्या कानावर घालू नका. कळलं की ही खुर्चीतून उठेल, आणि ही उठली की माझी जमीन गेली. त्याला माहीत आहे, तीन खुर्च्यांत एक इकडे, एक तिकडे, आणि मधली तू. तुझ्या जागी येईल तो कागदच मागणार. लग्नसुद्धा डोंगरापलीकडे केलं, गुपचूप."

"आणि शँडीन? ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार. म्हणाली, नाहीतरी आई आलीच नसती."

फोन ठेवल्यावर अर्लीन बराच वेळ खिडकीशी बसून राहिली. बाहेर शेजाऱ्यांचा माणूस यंत्राने पालापाचोळा उडवत होता. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. आपल्याला दुःख नक्की कशाचं होतंय हे ती नेहमीच्या सवयीने तपासून पाहू लागली, आणि तपासता तपासता तिच्या लक्षात आलं, की आपण दुःखाचेही मुद्दे काढतोय. तिने कोट काढला. सगळं घर तिचं एकटीचं होतं. वाचायची खोली, लिहायची खोली, आणि एक खोली शँडीनची, जिच्यात आता पुस्तकांची खोकी होती.

तरुणपणी कायदा शिकून ती परत आली तेव्हा राष्ट्राच्या खालच्या कोर्टात तिला खुर्ची मिळाली होती. कोर्ट म्हणजे एक लांबट पत्र्याची खोली आणि एक शेगडी. तिथे पहिल्याच हिवाळ्यात एक खटला आला. एका माणसावर खोगीर चोरल्याचा आळ होता आणि साक्षीदार होती त्याची सासू. तिने त्याला पाहिलं नव्हतं, कधीच पाहिलेलं नव्हतं. तिने फक्त त्याचा आवाज ऐकला होता. शहरातून आलेला त्याचा वकील उठून म्हणाला, आरोपीला साक्षीदाराच्या समोरासमोर येण्याचा हक्क आहे. आरोपी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला तो हक्क नको." वकील म्हणाला, "असं कसं? हक्क आहे म्हणजे घ्यावाच लागेल!" सगळी खोली हसली, अर्लीनही हसली, आणि मग तिने शिपायाकरवी एक मोठी घोंगडी आणवून खोलीच्या मधोमध दोरीवर टाकली. म्हातारीने एका बाजूने साक्ष दिली, जावयाने दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारले. खोगीर शेवटी तिसऱ्याकडेच निघालं. निकालात अर्लीनने लिहिलं, समोर असणं म्हणजे दिसणंच असं नाही. आमच्यात न पाहणं हीसुद्धा समोर असण्याची एक रीत आहे. त्या वाक्याने तिचं आयुष्य घडवलं. लांबलांबच्या विद्यापीठांतून तिला बोलावणी आली. ज्या राष्ट्राने संविधान म्हणून एक ओळही कधी कागदावर उतरवली नाही, त्या राष्ट्राची ती संविधानाची पंडित झाली. न लिहिलेलं संविधानही संविधानच असतं, ते नात्यात असतं, बोललेल्या शब्दात असतं, हे तिने पुस्तकांवर पुस्तकं लिहून सांगितलं. एक पोरगा वर्गात म्हणाला होता, "मॅडम, मग परीक्षा तोंडीच घ्या ना."

पण त्या खटल्याची आठवण आली, की तिला घोंगडीच्या आधी वेगळंच काही आठवायचं. कोर्ट सुटल्यावर ती म्हातारी दाराबाहेर उभी होती. फडक्यात गुंडाळलेली गरम तळलेली पोळी, आत भाजलेलं मटण. अर्लीनला इतकी भूक लागली होती की वासानेच तोंडाला पाणी सुटलं. पण न्यायाधीशाने साक्षीदाराकडून काही घ्यायचं नसतं. तिने ते नीट, हसून, समजावून सांगितलं. म्हातारीने पोळी पुन्हा गुंडाळली. तिला अपमान वाटला नव्हता, नुसतं नवल वाटलं होतं. "बरं," ती म्हणाली. "मग तू जेवतेस कुणाबरोबर, बाळ?"

कुणाबरोबर नाही, हे त्याचं उत्तर तिने पुढे वर्षानुवर्षं जगून दिलं. मेंढपाळांच्या त्या मुलखात चार कुळं सांगितली की कोणीही कोणाचा तरी मामा, आजी, भाऊ निघतो. म्हणून ती कोणाकडे जाईनाशी झाली. लग्नं टाळली, आजाऱ्यांसाठीचे विधी टाळले, दिवाणी दाव्यात भाऊ अडकला म्हणून त्याच्या घराची पायरीही चढली नाही. गंमत म्हणजे तिचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक नेमकं उलटं सांगत होतं. जुन्या काळी तंटा मिटवणारा माणूस दोन्ही बाजूंचा नातेवाईक असायचा, आणि तो नातेवाईक आहे म्हणूनच दोघं त्याचं ऐकायचे, असं ते पुस्तक. लोक ते वाचून डोलायचे. तिच्या स्वतःच्या खुर्चीला मात्र कोणी शिवू शकत नव्हतं. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान होता हेच आता खिडकीशी बसून आठवताना तिला लाजिरवाणं वाटत होतं.

शँडीन वयात आली तेव्हाचे ते विधीचे चार दिवस. पोरगी रोज पहाटे उगवतीकडे धावत होती, केस मोकळे, गळ्यात आजीचे फिरोज्याचे मणी, आणि मागे गावची पोरं आरोळ्या ठोकत. बायांनी मका दळला, जमिनीत खड्डा करून त्यात मोठा थोरला रोट भाजायला घातला. अर्लीन या चारही दिवसांत होती, खरंच होती, कोणी म्हणू नये की नव्हती. पण शेवटच्या पहाटे गाणी म्हणायला जो गायक आला, त्याची वाटणीची केस तिच्यासमोर चालू होती. तिने त्याला दारातच ओळखलं आणि ती मागच्या मागे निघून मेंढ्यांच्या वाड्याशी जाऊन उभी राहिली. आतून गाण्याचा आवाज येत होता. थंडीने मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. दिवस उगवल्यावर शँडीन रोट वाटायला निघाली. त्या दिवशीच्या मुलीने स्वतः एक घासही खायचा नसतो, सगळ्यांना द्यायचा असतो. तिने सगळ्यांना दिला आणि मग मधला, सगळ्यात मानाचा तुकडा घेऊन ती चिखल तुडवत वाड्यापर्यंत आली. "आई, घे." अर्लीन म्हणाली, "त्यांचा निकाल लागू दे, राणी. मग आपण दोघी करू, दुसरा करू." शँडीनने तो तुकडा कुंपणाच्या लाकडावर ठेवला आणि ती परत गेली. असा रोट दुसऱ्यांदा करत नाहीत हे अर्लीनला माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

रविवारभर ती एत्सिटीच्या अपिलाचे कागद घेऊन बसली. तिला ते पाठ होते. म्हाताऱ्याच्या आईने मरताना सगळ्या लेकरांना अंथरुणाभोवती बसवून सांगितलं होतं, की चराऊ रान आणि मेंढरं केनेथची. कागद केला नव्हता. मरणाबद्दल कागद करणं म्हणजे मरणाला हाक मारणं, म्हणून कोणी करत नाही. आणि आता नियम आला होता, की कागद नसेल तर रान दुसऱ्याला. बोललेला शब्द कायदा आहे की नाही, हा एकच प्रश्न होता. तिने आयुष्यभर जे लिहिलं ते सगळं या एका प्रश्नावर येऊन उभं होतं, आणि निकालाचा मसुदा तिच्या मनात केव्हाच तयार होता. त्यातली काही वाक्यं तर इतकी छान झाली होती, की ती अंघोळ करताना स्वतःशी म्हणायची. यंदा ती निवृत्त होणार होती. असा खटला पुन्हा येणार नव्हता.

आणि तिला माहीतच काय होतं? एक काळी टोपी. कायदा पुरावा मागतो. त्याचं नाव कोणी घेतलेलं नाही, बर्निस तर "मी काही बोलले नाही" असं स्वतः म्हणाली. उद्या कोणी विचारलंच, तर तिला शपथेवर सांगता येईल, की मी माझ्या जावयाला पाहिलेलं नाही. मग तिला एकटीलाच हसू फुटलं. डिनेंमधली कुठलीही सासू हे शपथेवर सांगेल. पण हसू ओसरल्यावर ती भ्यायली. तोंड मिटून बसलं तर म्हाताऱ्याचं रान वाचेल. शँडीनच्या सासरचं भलं होईल. मसुद्यातली वाक्यं पुस्तकांत जातील. आणि तिला जावई नाही असं तिने भर कोर्टात, न बोलता, सांगितलेलं असेल. मुलगी नाही, नातही नाही. त्या मुलाला मूग गिळून बसणं किती सोपं होतं! नुसतं खाली बघून, पीठ उचलून, पुढे जायचं. मामाने बजावलेलं, बायकोने बजावलेलं, सगळ्या कुटुंबाचा जीव टांगणीला लागलेला. पण सासू समोर आली आणि त्याच्याच्याने नाही झालं.

सोमवारी ती तांबड्या खडकांच्या राजधानीत पोचली तेव्हा कोर्टापुढच्या मैदानात पिकअप गाड्यांची गर्दी होती. मागच्या दाराने आत जाताना तिने मान वर केली नाही. झगा घातला, दोघा सहकाऱ्यांना नमस्कार केला. वर जाऊन बसल्यावर पहिल्या बाकावर तिला केनेथ एत्सिटी दिसला. मखमली सदरा, कानात फिरोजा, हातात टोपी. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. बाकी सगळं कोर्ट गच्च भरलं होतं आणि त्या एका जागेवर, जिचा धनी तिच्या नजरेसमोर येऊच शकत नव्हता, कोणी बसत नव्हतं.

रीतीप्रमाणे न्यायाधीशांनी आधी आपापली कुळं सांगायची असतात. तिची पाळी आली. आईचं कुळ सांगितलं, बापाचं सांगितलं, दोन्हीकडच्या आजोबांची सांगितली. हे ती झोपेतही म्हणू शकली असती. इथे थांबायचं असतं. ती थांबली, आणि मग तिने पुढ्यातले अपिलाचे कागद मिटून बाजूला सारले.

"आणि मला एक मुलगी आहे," ती म्हणाली. "शँडीन तिचं नाव. तिचं लग्न झालंय. अपील करणारे गृहस्थ माझ्या जावयाचे सख्खे मामा लागतात. हे मला परवा कळलं. म्हणून मी या खटल्यात बसू शकत नाही."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. म्हाताऱ्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. केनेथ एत्सिटी मात्र हळूहळू उठला, टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुणी सांगितलं तुला, विहीणबाई?"

"तुमच्या भाच्याने. पाठ करून."

म्हाताऱ्याच्या तोंडावरून राग, हसू, काय काय येऊन गेलं. "गाढव आहे," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं होतं, ती दिसली तर विद्यापीठातली बाई समज." मग म्हणाला, "चांगलं वाढवलंय माझ्या बहिणीने." तो खाली बसला. रान जाणार हे त्यालाही कळलं होतं आणि तिलाही.

ती झगा काढून बाहेर आली. आत तारीख पडत होती, दुसरा न्यायाधीश कोण, यावर चर्चा चालली होती. आता तिथे तिची काही गरज नव्हती, आणि प्रेक्षकांत बसायची सोयही नव्हती. मैदानात ऊन पांढरंफेक पडलं होतं. टोकाच्या एका पिकअपचा दरवाजा उघडला, काळ्या टोपीवाला माणूस खाली उतरला, अंगातलं जाकीट काढून त्याने डोक्यावरून घेतलं आणि तिच्याकडे पाठ करून तो खडकांच्या दिशेने चालू लागला. घाई नव्हती. तिला पुरेसा वेळ द्यावा असा तो चालत होता. अर्लीनने या वेळी मान खाली घातली आणि त्याच्या बुटांचा आवाज लांब जाईपर्यंत जमिनीकडे बघत राहिली.

शँडीन गाडीत स्टिअरिंगपाशी बसली होती, मांडीवर पोर. फोन तिच्या हातात होता. आतली बातमी तिला कळलेली होती. डोळे लाल होते.

"तू परत तेच केलंस," ती म्हणाली. "आम्ही तुला सोडून, लपून, सगळं केलं. फक्त त्या म्हाताऱ्यासाठी. एक दिवस, आई. एक दिवस तुला गप्प बसता आलं नाही?"

"मला जावई नाही असं झालं असतं."

"कायद्याने!"

"नाही," अर्लीन म्हणाली. कायद्याने नाही, हे तिला पटवून सांगायचं होतं. तीस वर्षं तिने परक्या पोरांना हेच पटवून सांगितलं होतं, उदाहरणं देऊन, फळ्यावर लिहून, आणि आता तिच्यापाशी एक वाक्य नव्हतं. "मला रोट खायचा होता गं," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं, मैदानात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत.

शँडीनने तिच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या काचेतून खडकांकडे बघत होती, जिथे जाकीट डोक्यावर घेतलेला माणूस आता थांबून त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. "फार वेळ नाही हं त्याला उन्हात उभं करायचं," शेवटी ती म्हणाली. बस म्हणाली नाही. पण पलीकडचा दरवाजा तो जाताना उघडाच टाकून गेला होता.

अर्लीन वळसा घालून गेली आणि चढून बसली. पोरीने मान वळवून या नव्या बाईकडे टक लावली, तिचं नाक निरखलं. खडकांपाशी त्या माणसाने एक पाय बदलून दुसऱ्यावर भार घेतला. सीट अजून त्याच्या अंगाने गरम होती.